डाव्या हाताची वहिवाट

इटलीच्या पूर्व किनाऱ्यावर, अँकोना बंदराच्या दक्षिणेस, टेकडीवर वसलेले कास्तेलफिदार्दो नावाचे एक गाव आहे. 1860 साली सार्डिनियाच्या राज्याच्या सैन्याने पोपच्या फौजेचा या गावापाशी पराभव केला, आणि त्या एका दिवसाच्या लढाईमुळे इटलीच्या एकीकरणाच्या इतिहासात त्याची नोंद झाली. परंतु पुढे शंभर-सव्वाशे वर्षे या गावाला ज्याने पोटभर अन्न दिले तो उद्योग त्या लढाईनंतर तीन वर्षांनी, पावलो सोप्रानी या एकोणीस वर्षांच्या शेतकरीपुत्राने घरातच सुरू केला. आख्यायिका सांगते की, जवळच्या लोरेतो या तीर्थक्षेत्री निघालेला एक ऑस्ट्रियन यात्रेकरू सोप्रानींच्या घरी रात्रीपुरता उतरला आणि आदरातिथ्याची फेड म्हणून आपल्याजवळची अकॉर्डियन ठेवून गेला. पावलोने ती उघडली, आतली रचना समजून घेतली आणि तशीच दुसरी करून जत्रेत विकली. व्यवसायांच्या मूळकथा बहुधा अशाच सुबक असतात. एवढे मात्र निर्विवाद की, आज जगभर लग्नांत, ऑर्केस्ट्रांत आणि प्रार्थनामंदिरांत जो ॲरेंजर कीबोर्ड, म्हणजे वादकाला स्वतःच साथ पुरविणारा कीबोर्ड, वाजतो, त्याच्या वंशावळीतील एक प्रमुख शाखा या परगण्यात रुजलेली आहे.

व्हिएन्नाच्या सिरिल डेमियनने 1829 साली अकॉर्डियनचे पेटंट घेतले, तेव्हा त्याच्या वाद्याचा विशेष सुरेलपणा हा नव्हता. एक कळ दाबली असता एक स्वर न उमटता संपूर्ण स्वरसंघ, म्हणजे आपले वादक ज्याला सरसकट कॉर्ड म्हणतात तो, उमटावा, ही त्याची युक्ती होती. ज्याने संगीतशास्त्राचे एक पानही उलटलेले नाही अशा माणसाला त्यामुळे एका बोटाने साथ करता येऊ लागली. पुढे अकॉर्डियन वाढली, उजव्या बाजूला पियानोसारख्या पट्ट्या आल्या, तरी डाव्या हाताखालच्या बटणांची ही वहिवाट कायम राहिली: काही बटणे खर्जाच्या स्वरांची, काही तयार कॉर्डची, आणि उजवा हात गाण्याची चाल वाजवीत असताना डाव्याने ताल आणि आधार दोन्ही सांभाळायचे. ॲरेंजर कीबोर्डवर आजही हीच कामाची वाटणी चालते. फरक इतकाच की, डाव्या हाताच्या तीन बोटांमागे आता एक अख्खा वाद्यवृंद उभा असतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर या परगण्यातील काही नामांकित अकॉर्डियन कारखानदारांनी एकत्र येऊन फारफिसा ही कंपनी स्थापन केली. तिचे नावच मुळी ‘संयुक्त अकॉर्डियन कारखाने’ अशा अर्थाच्या शब्दांचा संक्षेप आहे. सुरुवातीची वर्षे भरभराटीची गेली. मग अमेरिकेत आणि युरोपात तरुणांच्या गळ्यात गिटार आली, अकॉर्डियन ही वडीलधाऱ्यांची वस्तू ठरली आणि मागणी ओसरली. ज्या हातांनी पोलादी पत्त्या कानसल्या होत्या, त्याच गावांतील हातांनी तेव्हा ट्रान्झिस्टर जोडायला घेतले, आणि फारफिसाचे इलेक्ट्रॉनिक ऑर्गन 1960 च्या दशकात पॉप आणि रॉकच्या मंचांवर दिसू लागले.

या हकिकतीचा दुसरा धागा तोक्योत आहे, आणि नवल असे की, तेथेही मध्यस्थानी एक अकॉर्डियनवादकच आहे. शिंजुकू भागात त्सुतोमु कातो यांचा एक नाइट क्लब होता. तेथे तादाशी ओसानाई अकॉर्डियन वाजवीत, आणि साथीला वुर्लिट्झर या अमेरिकन कंपनीचे, 1959 साली निघालेले ‘साइड मॅन’ हे तालयंत्र असे. त्या यंत्राचा ताल ओसानाईंना पटेना. यापेक्षा चांगले आपण करू, असे त्यांनी मालकापुढे मांडले आणि कातोंनी भांडवल दिले. 1963 मध्ये ‘डोन्का-मॅटिक’ तयार झाले, आणि ते बनविणारी कंपनी पुढे कॉर्ग या नावाने प्रसिद्ध पावली. साथीदाराविषयीच्या एका वादकाच्या तक्रारीतून उद्योग उभा राहावा, हे मला सोप्रानींच्या आख्यायिकेपेक्षा अधिक विश्वसनीय वाटते.

हे दोन धागे 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात एकत्र आले. आक्वाव्हिवा पिचेना येथील सिएल ही इटालियन कंपनी जपानच्या रोलँडने ताब्यात घेतली आणि 1988 च्या सुमारास तेथून ई-20 हा कीबोर्ड निघाला. अँकोनात केट्रॉन ही कंपनी उभी राहिली. रोमान्यात जनरलम्युझिकने जेम या छापाची वाद्ये काढली. आणि 2000 साली आलेल्या पीए-80 पासून कॉर्गची पीए मालिका कास्तेलफिदार्दोच्या शेजारच्या ओसिमो गावी घडू लागली. जपानी भांडवलाने इटलीचा आश्रय घ्यावा याचे कारण केवळ कुशल कारागीर हे नव्हते. रोमान्या आणि मार्के या प्रांतांत ‘लिशो’ या जोडीनृत्याच्या संगीताची परंपरा बळकट होती. लग्नाला, गावजत्रेला, समुद्रकाठच्या हॉटेलांना वाल्ट्झ, पोल्का आणि माझुर्का वाजविणारा माणूस लागे, आणि सहा जणांची बिदागी देणे यजमानाला जड जाई. एकट्याने सहा जणांचे काम करावे ही गरज तेथे आधीच होती. यंत्र तिच्यामागून आले.

त्या यंत्राच्या पोटात काय चालते ते पाहण्यासारखे आहे. वादक ज्याला ‘स्टाईल’ म्हणतो, ती म्हणजे ढोल, बास, गिटार, पियानो, व्हायोलिनवृंद अशा वेगवेगळ्या वादकांनी काही मात्रांपुरते वाजवून ठेवलेले तुकडे होत. यामाहाच्या पद्धतीत हे तुकडे सामान्यतः एकाच ठरावीक कॉर्डवर बांधलेले असतात. वाजविणाऱ्याने डाव्या हाताने दुसरी कॉर्ड धरली की, कोणता स्वर किती सरकवायचा आणि कोणता जागच्या जागी ठेवायचा याचे नियम यंत्र क्षणार्धात लावते. इंट्रो, चार प्रकारचे मुख्य भाग, त्यांना जोडणारे फिल आणि शेवटचे एंडिंग, असा सारा सरंजाम एकेका बटणावर असतो. हे तुकडे ज्यांनी वाजविले त्यांची नावे वाद्यावर क्वचितच आढळतात. आपल्याकडच्या चित्रपटसंगीतात सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस या गोमंतकीय ॲरेंजरांनी वादकांसमोर स्वरलेखनाचे कागद मांडून जे काम केले आणि ज्याचे श्रेय त्यांना फार उशिरा मिळाले, त्याच जातीचे हे अनाम काम आहे.

मुंबईच्या स्टुडिओंत अकॉर्डियनला मानाचे स्थान होते. गुडी सीरवाई, पुण्याचे इनॉक डॅनियल्स, केरसी लॉर्ड ही नावे जाणकारांच्या तोंडी आजही असतात. परंतु ऑर्केस्ट्रात आणि बेंजो पार्टीत अकॉर्डियनची जागा कीबोर्डने घेतली, तेव्हा पाश्चात्य साथीची रचना आपल्या गाण्याला कुठे अडते ते रोजच्या रोज कळू लागले. आपली चाल षड्जाला धरून चालते. तिच्याखाली गंधारासह पूर्ण कॉर्ड सारखी बदलत गेली तर कोमल-तीव्राचा नाजूक भेद चिरडला जातो. म्हणून अनुभवी वादक डाव्या हाताने पुष्कळदा षड्ज आणि पंचम एवढेच दोन स्वर धरतो आणि गंधार गायकासाठी मोकळा सोडतो. अरबी आणि तुर्की संगीतासाठी कॉर्गने आणि यामाहाने पाव स्वरांची सोय असलेल्या स्वतंत्र आवृत्त्या काढल्या. भारतासाठी यामाहाने पीएसआर-आय मालिकेत तबल्या-तानपुऱ्याची ‘रियाज’ ही सोय दिली. लावणीची ढोलकी आणि कोळीगीताचा ठेका मात्र आपल्या वादकांनीच बांधला, आणि ते ठेके पेनड्राइव्हवरून गावोगाव फिरत राहिले.

आता फेरफारांचा, म्हणजे सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्यांचा मामला. आरंभीच्या यंत्रांत आज्ञावली चिपमध्ये कायमची कोरलेली असे. दोष सुधारायचा तर यंत्र उघडून चिपच बदलावी लागे. मग फ्लॉपी आली, पुढे यूएसबी आणि इंटरनेट, आणि विकल्या गेलेल्या वाद्यात नव्या स्टाईल व नवे आवाज भरणे घरबसल्या शक्य झाले. 2015 च्या कॉर्ग पीए-4एक्सला पुढे दुसरी आणि तिसरी मोठी आवृत्ती मिळाली. यामाहाच्या 2017 च्या जेनोसलाही दुसरी आवृत्ती मिळाली, आणि 2023 मध्ये जेनोस-2 हे नवे वाद्य म्हणून वेगळे विक्रीस आले. ग्राहकाला यात लाभ आहे, पण एक गोम आहे: वाद्य पूर्ण कधी झाले हे ठरविण्याचा अधिकार वाजविणाऱ्याकडून कारखानदाराकडे गेला. टेक्निक्सने कीबोर्डांचे उत्पादन थांबविले, जनरलम्युझिक दिवाळखोरीत गेली, 2013 मध्ये रोलँडने आपला इटलीतील कारखाना बंद केला, आणि त्या वाद्यांच्या धन्यांची सनदच जणू रद्द झाली. नादुरुस्त फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी यूएसबीची जोडणी बसवून ती वाद्ये चालती ठेवणारे कारागीर ठिकठिकाणी आहेत. त्यांचे काम पाहिले की वाटते, शंभर वर्षांपूर्वीच्या सोप्रानी अकॉर्डियनची बेसूर पत्ती कोणीही जाणता कारागीर खरवडून सुरात आणू शकतो, ही त्या वाद्याची केवढी मोठी सुरक्षितता होती!

वाद्यांची तुलना करताना लोक आकड्यांचा आधार घेतात: यामाहाच्या 2002 च्या टायरोसमध्ये एका वेळी 128 स्वर वाजत, जेनोसमध्ये 256. हे आकडे खोटे नाहीत, पण ते निर्णायकही नाहीत. केट्रॉनने खऱ्या वादकांचे ढोल ध्वनिमुद्रित करून स्टाईलमध्ये घातले, तर यामाहाने जेनोसमध्ये एकाच ठोक्याचे अनेक नमुने आळीपाळीने वापरून तोच जिवंतपणा साधू पाहिला. यांतले कोणते सरस हे तपशिलाच्या तक्त्यात उमटत नाही. माझे मत विचाराल तर, ज्या कंपनीच्या पदरी चांगले वादक असतात तिचेच यंत्र चांगले, आणि बाकी सारे तांत्रिक तपशील दुय्यम. तेव्हा दुकानात गेल्यावर तक्ता मागू नका. आपण नेहमी गातो-वाजवितो ते एक गाणे त्या यंत्रावर मंद लयीत वाजवून पाहा, कंपनीने मागच्या मॉडेलला किती वर्षे फेरफार पुरविले ते विचारा, आणि स्वतः बांधलेल्या स्टाईलींची एक प्रत यंत्राबाहेर जपून ठेवा.