येलदरीचे धरण आणि दगडाची धूळ

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात, पूर्णा नदीवर, येलदरी येथे बांधलेले धरण १९६८ मध्ये पूर्ण झाले. सुमारे ५१ मीटर उंची, चार किलोमीटरांहून अधिक लांबी, ९३४ दशलक्ष घनमीटर जलसंचय व २२.५ मेगावॅट क्षमतेचे वीजगृह, हे त्याचे आकडे परिचित आहेत. धरण मुख्यतः मातीचे आहे. तथापि सांडव्यासाठी व भरावाच्या अस्तरासाठी दगड लागतोच, आणि दगड फोडला की धूळ उडते. ही धूळ ज्यांनी श्वासावाटे आत घेतली त्यांच्या फुप्फुसांचे काय झाले असावे, हा प्रश्न धरणाच्या इतिहासाबाहेरचा नव्हे.

या प्रश्नाकडे वळताना एका घाईच्या अनुमानापासून मात्र सावध राहिले पाहिजे. सिलिकोसिस हा रोग स्फटिकरूप मुक्त सिलिकेच्या अतिसूक्ष्म कणांमुळे होतो. हे कण वायुकोशांपर्यंत पोहोचतात, त्यांना गिळणाऱ्या भक्षकपेशी नाश पावतात व त्या ठिकाणी तंतुमय गाठी बनत जातात. काम सुटले तरी ही क्रिया थांबतेच असे नाही. कोलारच्या सोन्याच्या खाणींत १९४० च्या दशकात हा रोग मोठ्या प्रमाणावर आढळला, कारण तेथील सोने क्वार्ट्झच्या शिरांत आहे. येलदरीचा खडक याहून वेगळा, दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट होय. रासायनिक पृथक्करणात त्याचा जवळजवळ निम्मा भाग सिलिका भरतो खरा. परंतु ती बहुतांशी फेल्डस्पार व पायरॉक्सीन या खनिजांत बद्ध असते. पृथक्करणाचा आकडा पाहून रोगाचे अनुमान करणे म्हणजे मिठातील क्लोरीन पाहून त्याला विष ठरवण्यासारखे आहे.

म्हणून बेसाल्टची धूळ निर्धोक ठरते काय? तसे नाही. याच खडकाच्या पोकळ्यांत गारगोटी व अकीक भरलेले असतात. ते पुरेसे साचले की काय होते, हे खंभातला अकीक घासणाऱ्या कारागिरांच्या सिलिकोसिसवरून दिसते. तो अकीकही मूळचा दख्खनच्या पाषाणातलाच. शिवाय कोणतीही खनिज धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली तर श्वासनलिकांचा दीर्घकालीन दाह जडू शकतो. त्यात चुलीच्या धुराची व विडीची भर पडली की एका कारणाला दोष देणे वैद्यालाही अवघड जाते.

येथे अमेरिकेतील हॉक्स नेस्टचे उदाहरण उपयोगी पडते. वेस्ट व्हर्जिनिया राज्यात १९३० मध्ये जलविद्युतीसाठी सुरू झालेला हा बोगदा जवळजवळ शुद्ध सिलिकेच्या वालुकाश्मातून गेला. खडकाच्या बाबतीत येलदरीशी त्याचे साम्य नाही. साम्य आहे ते मजुराच्या पांगण्यात. तेथील बहुसंख्य मजूर बाहेरून आलेले कृष्णवर्णीय होते. त्यांपैकी अनेक जण काही महिने काम करून निघून गेले व दूरच्या गावी मरण पावले. ७६४ मृत्यूंचा अंदाज मार्टिन चेर्निॲक या वैद्याने मांडला तो १९८६ मध्ये, म्हणजे अर्धशतकानंतर.

मराठवाड्यात दगडकाम परंपरेने वडार समाजाकडे आले. सुतकी, पहार व छन्नी घेऊन टोळी एका कामावरून दुसऱ्या कामावर जाते. बिऱ्हाड कामाजवळच, त्यामुळे धूळ केवळ फोडणाऱ्याच्याच वाट्याला येते असे नाही. कायद्याची रचना या जीवनक्रमाला अनुरूप नव्हती. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या मूळ कायद्यात ठराविक धंद्यांतील रोगांसाठी सलग सहा महिन्यांच्या नोकरीची अट होती. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने सिलिकोसिसची वर्दी देणे बंधनकारक केले. पण धरणाचे बांधकाम म्हणजे कारखाना नव्हे. बांधकाम मजुरांसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा झाला तो १९९६ मध्ये, येलदरी पूर्ण झाल्यावर अठ्ठावीस वर्षांनी.

या सर्वांवर निदानाची अडचण. सिलिकेने जर्जर झालेल्या फुप्फुसाला क्षय लवकर जडतो, आणि क्ष-किरण चित्रांत दोहोंच्या छाया पुष्कळदा सारख्याच दिसतात. दमलेल्या, खोकणाऱ्या मजुराच्या कागदावर ‘क्षय’ लिहिले गेले तर धंद्याचा रकाना विचारण्याचे कारण उरत नाही. येलदरीच्या धुळीचा माग घ्यावयाचा तर तो धरणस्थळी नव्हे, टोळ्यांच्या पुढल्या मुक्कामांवरील दवाखान्यांच्या क्षयनोंदींत घ्यावा लागेल.