दोन आठवड्यांची सेवा: मिशनरी वैद्यकीय दौऱ्यांचा इतिहास आणि त्यातून रुग्णांनी घ्यायचा धडा

या ब्लॉगवर आपण बहुतेक वेळा एखाद्या आजाराबद्दल बोलतो. आज थोडा इतिहास पाहू. "बाहेरून डॉक्टर आले आहेत, फुकट ऑपरेशन आहे, करून घेऊ का?" हा प्रश्न रुग्ण नेहमी विचारतात. त्याचं चांगलं उत्तर या इतिहासात सापडतं.

अमेरिकेतल्या आणि इतर अनेक देशांतल्या चर्चमधून दरवर्षी असंख्य लोक सुट्टी काढून, स्वतःच्या खर्चाने गरीब देशांत सेवेला जातात. कुणी शाळा बांधतं, कुणी मुलांना शिकवतं, तर कुणी दवाखाना चालवतं. याला 'शॉर्ट-टर्म मिशन' म्हणतात. मुक्काम साधारण एक-दोन आठवड्यांचा असतो. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाव यांच्या अंदाजानुसार २००५ च्या सुमारास एकट्या अमेरिकेतून वर्षाला सुमारे १६ लाख लोक असे परदेशी जात होते.

पूर्वी ही सेवा आयुष्यभराची होती

अमेरिकन डॉक्टर पीटर पार्कर १८३४ मध्ये चीनमधल्या कँटनला पोहोचले आणि पुढच्या वर्षी त्यांनी तिथे डोळ्यांचं रुग्णालय सुरू केलं. मोतीबिंदूच्या रुग्णांबरोबर मोठमोठ्या गाठी घेऊन येणारेही खूप होते. त्या रुग्णांची लाम क्वा या चिनी चित्रकाराने काढलेली चित्रं आजही जपून ठेवलेली आहेत.

त्या काळी शिडाच्या जहाजाने यायलाच कित्येक महिने लागत. त्यामुळे 'दोन आठवडे सेवा करून परत' ही कल्पनाच शक्य नव्हती. आलेला माणूस भाषा शिकायचा, घर करायचा आणि वर्षानुवर्षं राहायचा.

आपल्याकडचं उदाहरण मिरजेचं. डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये भारतात आले. १८९४ मध्ये मिरजेचं मिशन हॉस्पिटल उभं राहिलं आणि १९२८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षं, ते या भागात काम करत राहिले. सांगली-मिरजेजवळचं वानलेसवाडी हे नाव त्यांचंच. या चाळीस वर्षांचा वैद्यकीय अर्थ काय? ज्याचं ऑपरेशन केलं, तो रुग्ण सहा महिन्यांनी किंवा पाच वर्षांनी परत आला, तरी तोच डॉक्टर भेटायचा. आपलं काय चुकलं आणि काय बरोबर ठरलं, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसायचं.

तमिळनाडूतली आयडा स्कडर यांची गोष्ट याहून वेगळी आहे. मिशनरी घराण्यातल्या या तरुणीला मिशनमध्ये राहायचंच नव्हतं. १८९० मध्ये ती आजारी आईच्या मदतीला थोड्या दिवसांसाठी भारतात आली. एका रात्री एकामागून एक तीन घरचे पुरुष दाराशी आले. तिघांच्याही बायका बाळंतपणात अडल्या होत्या. आयडाचे वडील डॉक्टर होते, पण परक्या पुरुषाने बाईला तपासणं त्या घरांना चालणार नव्हतं. आयडाला वैद्यकीय शिक्षण नव्हतं, म्हणून ती गेली नाही. तिन्ही बायका दगावल्या.

त्यानंतर ती अमेरिकेला परतली, कॉर्नेल विद्यापीठातून १८९९ मध्ये डॉक्टर झाली आणि पुन्हा भारतात आली. १९१८ मध्ये तिने वेल्लोरला मुलींसाठी वैद्यकीय शिक्षण सुरू केलं. आजचं वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज त्यातूनच वाढलं. मदतीची तीव्र इच्छा आणि मदत करण्याची पात्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिला त्या एका रात्रीत कळलं. पुढे हाच मुद्दा महत्त्वाचा ठरणार आहे.

विमान आलं आणि मुक्काम आखडला

दुसऱ्या महायुद्धानंतर जेट विमानांमुळे जग जवळ आलं. १९६० च्या सुमारास तरुणांना थोड्या काळासाठी परदेशी पाठवणाऱ्या ख्रिस्ती संस्था सुरू झाल्या. नोकरी न सोडता सेवा करता येऊ लागली, त्यामुळे लोकांचा प्रतिसाद मोठा होता.

यात चांगलंही पुष्कळ घडलं. मोतीबिंदू, दुभंगलेला ओठ, हर्निया अशी ऑपरेशनं कुशल सर्जन थोड्या वेळात करतो आणि त्यांनी माणसाचं आयुष्य बदलतं. गरजही प्रचंड आहे. २०१५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने मांडलं की जगातल्या सुमारे ५ अब्ज लोकांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया वेळेवर मिळत नाही.

'व्हिक्टोरिया' जहाजाची गोष्ट

१९५३ मध्ये इटलीत 'व्हिक्टोरिया' नावाचं प्रवासी जहाज बांधलं गेलं. इटली ते मुंबई आणि पुढे हाँगकाँग अशा फेऱ्या ते करायचं. १९७८ मध्ये डॉन स्टीफन्स यांनी सुरू केलेल्या 'मर्सी शिप्स' या ख्रिस्ती संस्थेने ते विकत घेतलं, त्यात ऑपरेशन थिएटर बसवली आणि त्याला 'अनास्तासिस' हे नाव दिलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ पुनरुत्थान. या तरंगत्या रुग्णालयाने पश्चिम आफ्रिकेच्या बंदरांत वर्षानुवर्षं काम केलं. २००७ मध्ये ते गुजरातमधल्या अलंगच्या किनाऱ्यावर मोडीत निघालं. त्यानंतर 'आफ्रिका मर्सी' आणि 'ग्लोबल मर्सी' ही जहाजं आली.

जहाजावरचे सर्जन, नर्स, स्वयंपाकी हे सगळे स्वयंसेवक असतात. ते पगार घेत नाहीतच, उलट वर्षानुवर्षं बहुतेक जणांनी स्वतःच्या राहण्या-जेवणाचे पैसे भरले आहेत. अनेक जण थोड्या आठवड्यांसाठी येतात. पण जहाज मात्र एका बंदरात कित्येक महिने थांबतं. स्वयंसेवक बदलले तरी रुग्णालय जागेवर असतं.

याचं वैद्यकीय महत्त्व एका आजारावरून समजून घेऊ. अमेलोब्लास्टोमा ही जबड्यातली गाठ दातांचं आवरण तयार करणाऱ्या पेशींपासून होते. बहुतेक वेळा हा कॅन्सर नसतो आणि ती शरीरात दुसरीकडे पसरत नाही. पण काढली नाही तर वर्षानुवर्षं वाढत राहते. आपल्याकडे गाठ लहान असतानाच दंतवैद्याच्या एक्स-रेमध्ये दिसू शकते. जिथे डॉक्टरच नाही, तिथे ती डोक्याएवढी होते. मग रुग्णाला गिळता येत नाही, श्वास घेता येत नाही आणि 'साधी' गाठ जीव घेते.

ही गाठ काढताना जबड्याचा मोठा भाग काढावा लागतो आणि तिथे टायटॅनियमची पट्टी बसवतात. जखम पूर्ण भरल्यावर, काही महिन्यांनी, अनेकदा कमरेचं हाड घेऊन जबडा पुन्हा घडवतात. म्हणजे ऑपरेशन एका दिवसाचं असलं तरी उपचार कित्येक महिन्यांचा असतो. दोन आठवड्यांत परत जाणाऱ्या पथकाने हे काम सुरू केलं, तर पट्टी सैल झाली किंवा जखमेत पू झाला तर रुग्णाने कुणाकडे जायचं?

जिंजामध्ये काय झालं

आता एक दुःखद प्रकरण. युगांडातल्या जिंजा शहरात एक अमेरिकन तरुणी आधी थोड्या काळाच्या मिशन दौऱ्यावर आली होती. २००९ मध्ये तिने तिथे स्वतःची संस्था सुरू केली. पुढे तिथे तीव्र कुपोषित मुलं दाखल होऊ लागली. तिचं वैद्यकीय शिक्षण झालेलं नव्हतं. २०१० ते २०१५ या काळात दाखल झालेल्या सुमारे ९४० मुलांपैकी १०५ मुलं दगावली. २०१९ मध्ये दोन मातांनी न्यायालयात दावा केला. उपचार स्थानिक डॉक्टर आणि नर्स करत होते, असं संस्थेचं म्हणणं होतं. २०२० मध्ये दोष मान्य न करता समझोता झाला.

यातला प्रत्येक मृत्यू चुकीच्या उपचारानेच झाला, असं म्हणता येत नाही. ही मुलं मुळातच अत्यवस्थ असतात. पण त्यांचे उपचार इतके नाजूक का असतात, हे सर्वांनी समजून घ्यायला हवं.

खूप दिवस उपाशी राहिलेलं शरीर ऊर्जा वाचवण्यासाठी सगळी कामं मंदावतं. हृदयाचे स्नायू रोडावतात आणि मूत्रपिंडांना जास्तीचं मीठ-पाणी बाहेर टाकता येत नाही. अशा मुलाला इतर मुलांसारखं भराभर सलाईन लावलं, तर हृदयावर भार येतो आणि फुफ्फुसात पाणी भरतं. एकदम भरपूर खाऊ घातलं, तर रक्तातले फॉस्फेट आणि पोटॅशियम पेशींत शिरतात, रक्तात त्यांची पातळी घसरते आणि हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत सुरुवातीला कमी प्रथिनांचं पातळ दूध दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं देतात, मुलाला ऊब देतात, रक्तातली साखर तपासतात, जंतुसंसर्गावर औषध देतात. शिरेतून सलाईन फक्त मूल शॉकमध्ये गेलं तरच. आपल्या सरकारी पोषण पुनर्वसन केंद्रांतही याच तत्त्वांवर उपचार होतात. भुकेल्या लेकराला पोटभर भरवावं असं आपलं मन सांगतं, पण इथे मनाचं ऐकून चालत नाही.

आता काय बदलतं आहे

चांगल्या संस्थांनी या अनुभवातून काही गोष्टी स्वीकारल्या आहेत: ज्या देशात जायचं तिथल्या सरकारच्या परवानगीने काम करायचं, बराच काळ थांबायचं आणि स्थानिक डॉक्टर, नर्स, भूलतज्ज्ञ यांना शिकवायचं. पाहुणा सर्जन एका दौऱ्यात शंभर ऑपरेशनं करेल. पण त्याने तिथल्या दोन सर्जनना शिकवलं, तर ऑपरेशनं तो गेल्यावरही चालू राहतात.

शिबिराला जाण्यापूर्वी हे विचारा

शिबिर कोणत्याही धर्माच्या, पक्षाच्या किंवा ट्रस्टच्या वतीने असो, आपले प्रश्न तेच:

१. ऑपरेशन कोण करणार? त्यांची भारतात नोंदणी आहे का? परदेशी डॉक्टरलाही इथे तात्पुरती नोंदणी लागते.
२. ऑपरेशन कुठे होणार? मान्यताप्राप्त रुग्णालयात की मंडपात?
३. पथक गेल्यावर रात्री दुखलं, लाली आली, ताप आला तर कुणाला फोन करायचा? डॉक्टरचं नाव आणि नंबर लिहून घ्या.
४. पुढची तपासणी केव्हा आणि कुठे आहे?
५. केस-पेपर आणि डिस्चार्ज कार्ड मिळणार का? ते जपून ठेवा.
६. उपचारासाठी प्रार्थनेची, सदस्यत्वाची किंवा इतर कुठली अट आहे का? उपचाराला अशी अट असता कामा नये.

तिसऱ्या प्रश्नाचं नीट उत्तर मिळालं नाही, तर ज्या ऑपरेशनची घाई नाही ते थांबवा आणि जवळच्या सरकारी रुग्णालयात चौकशी करा.

आणि तुमच्यापैकी कुणाला किंवा तुमच्या मुलामुलींना अशा सेवेला जायचं असेल, तर जरूर जा. फक्त जे काम आपल्या गावात करण्याची आपल्याला परवानगी नाही, ते दुसऱ्याच्या गावात करू नका. पाणी भरणं, नोंदी ठेवणं, रुग्णाचा हात धरून बसणं हीसुद्धा सेवाच आहे, आणि त्यासाठी पदवी लागत नाही.

काही शंका असतील तर जरूर विचारा. काळजी घ्या.