पेन्शनपुऱ्यातला दरवाजा

आजचा भाग जरा घरचा आहे, म्हणजे हिंगोलीचा.

माझं आजोळ पेन्शनपुऱ्यात. माळवदाचं घर होतं, पुढे ओटा, आत भिंतीत देवळ्या. चार वर्षांपूर्वी मामांनी ते पाडून स्लॅबचं बांधलं. बरंच केलं. दर पावसाळ्यात माळवद गळायचं आणि रात्री उठून खाली पातेली लावायला मामीच जायची. पण मागच्या दिवाळीत आई आणि मावशी यांचा वाद झाला. जुना दरवाजा केवढा होता? आई म्हणे बैलगाडी जाईल एवढा, मावशी म्हणे काहीतरीच. मग अल्बम काढले. तेवीस फोटो निघाले. लग्न, बारसं, स्टुडिओत टाय लावलेला मामा. दरवाजा एकातही नाही. एका फोटोत असायला हवा होता, पण तिथे त्याच्यावर चादर लावलेली, कारण मागे जुनं घर दिसलं तर फोटो चांगला येत नाही.

तिथून मी सुरू झालो. पुण्याहून शुक्रवारी रात्रीची ट्रॅव्हल्स पकडायची आणि शनिवार-रविवार जुन्या हिंगोलीत फिरायचं. फळ्यांच्या दारांची दुकानं, पडक्या भिंतीत उगवलेला पिंपळ, सकाळी ओट्यावर बसलेली म्हातारी माणसं. फिरता फिरता पाट्या वाचायला लागलो आणि मग इतिहासात शिरलो.

गावातल्या वस्त्यांची नावं बघा: रिसाला, तोफखाना, पलटण, पेन्शनपुरा, सदर बाजार. रिसाला म्हणजे घोडदळ. तोफखाना आणि पलटण कळतंच. पेन्शनपुरा म्हणजे नोकरी संपवून पेन्शनीवर बसलेल्या शिपायांची वस्ती. कारण हिंगोली ही छावणी होती, हैदराबाद कंटिन्जंटची. ही फौज निजामाच्या पैशावर चालायची आणि अंमलदार इंग्रज असायचे. तिच्या खर्चासाठीच १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. १९०२ च्या करारानंतर ही फौज हिंदुस्थानी लष्करात विलीन झाली आणि १९०३ मध्ये छावणी उठली. फौज गेली, तिची नावं राहिली. माझ्या मामांच्या आधारकार्डावर आज एका बरखास्त फौजेचा पत्ता आहे, असं म्हटलं तरी चालेल.

आता या गावाचं चित्र कुणी ठेवलं? मी वाचलेलं सदर बाजाराचं सगळ्यात जुनं वर्णन चक्क खुनांमुळे आहे. फिलिप मेडोज टेलर हा निजामाच्या नोकरीतला इंग्रज अधिकारी. त्याची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी १८३९ मध्ये आली आणि तिच्या प्रस्तावनेत हिंगोली आहे. छावणीत हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. तोच ठगांचा म्होरक्या निघाला. मुख्य पहाऱ्यापासून शंभरेक यार्डांवर, ऐन बाजारात माणसं मारली आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरली. ती प्रेतं उकरली तेव्हा आपण स्वतः हजर होतो, असं टेलर सांगतो. म्हणजे कोण कुठे मेलं त्याचं अंतर यार्डात मोजलेलं आहे, पण बाजारात काय विकलं जायचं, दुकानं कशी होती, याच्याकडे लक्ष नाही. योगायोग असा की त्याच १८३९ मध्ये पॅरिसात दागेरचं फोटो काढायचं तंत्र जगापुढे आलं.

आपल्याकडे कॅमेरा फार उशिरा आला असंही नाही. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ची. डॉक्टर भाऊ दाजींचे भाऊ नारायण दाजी त्या काळात फोटो काढत होते. निजामाच्या राज्यात राजा दीनदयाळ यांनी १८८६ मध्ये सिकंदराबादेत स्टुडिओ काढला. पण त्यांचा कॅमेरा बहुतेक दरबार, शिकारी, राजवाडे, लष्करी कवायती यांच्याकडे वळलेला. पुरातत्त्व खात्याच्या हेन्री कझिन्सने दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवर जे पुस्तक केलं, त्यात आपलं औंढ्याचं नागनाथाचं देऊळ आहे. खांब, शिल्पं, सगळं काळजीपूर्वक. देवळाबाहेर हार विकणारी बाई त्याच्या कामाची नव्हती. आणि माणसांचे फोटो काढले ते कसे? 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड १८६८ ते १८७५ मध्ये निघाले. त्यात माणसं जातीजमातीचे नमुने म्हणून आहेत, संग्रहालयात फुलपाखरं टाचतात तशी.

हे सगळं मला एका आजींमुळे नीट कळलं. आजोळच्या गल्लीतच त्यांचं घर आहे, अजून जुनंच. मी भिंतीचा फोटो घेत होतो. त्या बाहेर आल्या.

"काहून काढू लालास रे बाबू फोटू? नगरपालिकेचा हाईस का?"

म्हटलं, नाही आजी, असंच काढतोय.

"असंच कोणी काढत नसतंय."

खरंच आहे. त्यांच्या आयुष्यात घराचा फोटो कोण काढतं? घरकुल योजनेच्या तपासणीला आलेला माणूस, नाहीतर अतिक्रमण मोजणारा. कॅमेरा दारात आला म्हणजे एकतर काही मिळणार, नाहीतर काही जाणार. मी मात्र "व्वा, काय टेक्स्चर आहे" म्हणत त्यांच्या पोपडे निघालेल्या भिंतीसमोर उभा. लाज वाटली. मोबाईल खिशात घातला आणि आधी मामांचं नाव सांगितलं. मग चहा झाला.

युजीन अ‍ॅजे नावाचा एक फोटोग्राफर पॅरिसात होता. १८९० च्या दशकापासून १९२७ मध्ये मरेपर्यंत तो जुन्या गल्ल्या, दारं, दुकानांच्या काचा टिपत राहिला. अवजड लाकडी कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा उचलून. स्वतःला कलाकार म्हणवत नव्हता, चित्रकारांना आणि ग्रंथालयांना कागदपत्र म्हणून फोटो विकायचा. मला त्याचं एकच कौतुक आहे, तो जागेचं नाव लिहून ठेवायचा. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना बॅकअपचं फार वेड, पण माझ्या हार्ड डिस्कवर आठशे फोटो 'आयएमजी' आणि पुढे आकडे अशा नावांनी पडलेले होते. तीन ठिकाणी बॅकअप, आणि तीस वर्षांनी कुठली भिंत ते कुणालाच कळणार नाही. म्हणून आता रोज रात्री वीस फोटो घेऊन बसतो. वस्ती, कुणाच्या घराशेजारी, तारीख, कुणी काय सांगितलं. मामांना फोन करतो. ते वैतागतात, पण सांगतात.

दसऱ्याला गावी गेलो तेव्हा आजींच्या घराचा फोटो प्रिंट करून नेला. दाराशेजारी भिंतीत एक लोखंडी कडी आहे. कंटिन्जंटच्या घोडदळात स्वारांचे घोडे स्वतःचे असायचे हे मी वाचलेलं, त्यामुळे मनात अख्खी गोष्ट तयार: निवृत्त स्वार, त्याचा घोडा. मोठ्या उत्साहाने विचारलं, आजी, ही कडी घोड्याची ना?

"घोडा कुठला? म्हैस बांधत होतो. पाच लिटर देत होती."

फाईलला नाव दिलं: 'पेन्शनपुरा, दारालगतची कडी, म्हशीची'. घोडा खोडला. आजींनी प्रिंट उलटसुलट करून बघितली आणि म्हणाल्या, यात ओटा अर्धाच आलाय, पुढच्या टायमाला पुरा काढ. त्यांचा मुलगा उन्हाळ्यात बांधकाम काढणार आहे, त्यामुळे पुढचा टाईम लवकर गाठावा लागेल.

तोच फोटो आई आणि मावशीला पाठवला, कारण ही घरं एकाच घडणीची. आईचा लगेच मेसेज: आपला दरवाजा याच्याहून मोठा होता. मावशीचा दोन मिनिटांनी: एवढाच होता.