ठिपका, 'डी' आणि सिनेटचा कौल

बारावीच्या वर्गात विकलनाचा धडा सुरू झाला की पहिल्याच दिवशी फळ्यावर 'डीवाय बाय डीएक्स' येते. पुढे पदवीला गेल्यावर गतिशास्त्राच्या तासाला तीच गोष्ट वेगळ्या रूपात भेटते. तिथे 'एक्स'च्या डोक्यावर एक ठिपका दिला की वेग झाला, दोन ठिपके दिले की त्वरण. विद्यार्थी विचारतात, "सर, एकाच गोष्टीला दोन चिन्हे कशाला?" आपण सांगतो, ठिपका न्यूटनचा आणि 'डी' लायब्निट्झचा. उत्तर बरोबर आहे. पण ते तिथेच सोडले, तर मागचा एक मोठा मनोरंजक इतिहास हातून निसटतो. हा ठिपका एका विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून कोणी काढला, कोणाच्या परवानगीने काढला, आणि मुळात अभ्यासक्रम बदलण्याचा अधिकार असतो कोणाकडे, हा तो इतिहास. दरवर्षी जूनमध्ये नव्या अभ्यासक्रमाचे परिपत्रक हाती पडल्यावर शिक्षकांच्या खोलीत जी चर्चा रंगते, तिच्याशी त्याचे नाते अगदी जवळचे आहे.

विद्यापीठ केंब्रिजचे. न्यूटन तिथलाच. कलनाचा शोध आधी कोणी लावला यावरून न्यूटन आणि लायब्निट्झ यांच्या पक्षांत जो वाद पेटला, त्यानंतर इंग्लंडने शंभर वर्षे ठिपक्याची साथ सोडली नाही. तिकडे युरोपच्या भूमीवर ऑयलर, लाग्रांज, लाप्लास यांनी लायब्निट्झची पद्धत घेऊन गणित आणि खगोलशास्त्र कुठच्या कुठे नेले. 'डी'ची सोय अशी की चिन्हच पुढची पायरी सुचवते. साखळी नियम किंवा संकलनातील आदेश लिहून पाहावा, म्हणजे पटेल. एकापेक्षा जास्त चले आली की ठिपक्याची पंचाईत होते, कारण कशाच्या संदर्भात विकलन केले हे ठिपका सांगतच नाही. लाप्लासचा खगोलयांत्रिकीवरचा ग्रंथ १७९९ पासून प्रसिद्ध होऊ लागला. तो नीट वाचू शकणारे लोक इंग्लंडात मोजकेच होते, आणि याचे एक कारण हे चिन्हच होते.

१८१२ मध्ये केंब्रिजच्या काही विद्यार्थ्यांनी 'अ‍ॅनालिटिकल सोसायटी' नावाचे मंडळ काढले. पुढे गणनयंत्रामुळे प्रसिद्ध झालेला चार्ल्स बॅबेज, खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलचा मुलगा जॉन हर्शेल आणि जॉर्ज पीकॉक हे त्यातले प्रमुख. मुलांचा व्रात्यपणा असा की बॅबेजने मंडळाच्या हेतूवर एक कोटी केली. 'डॉट' म्हणजे ठिपका आणि 'डोटेज' म्हणजे म्हातारचळ. विद्यापीठाला 'डॉट-एज'मधून सोडवून 'डी-इझम'कडे न्यायचे, असा तिचा भावार्थ. 'डीइझम' हा शब्द त्या काळी पाखंडी धर्ममताचा, म्हणजे चिमटा दुहेरी. पण या मुलांनी नुसत्या कोट्या केल्या नाहीत. १८१३ च्या परीक्षेत हर्शेल पहिला आला आणि पीकॉक दुसरा. १८१६ मध्ये तिघांनी मिळून लाक्रुआ या फ्रेंच लेखकाचे कलनाचे पाठ्यपुस्तक इंग्रजीत आणले.

आता प्रश्न अभ्यासक्रमाचा. केंब्रिजमध्ये निर्णय घेणारी सर्वोच्च सभा म्हणजे सिनेट. ही आपल्या ओळखीची निवडून आलेल्या प्रतिनिधींची अधिसभा नव्हे. एम. ए. होऊन ज्याने आपले नाव विद्यापीठाच्या पटावर ठेवले, तो प्रत्येक जण तिचा सभासद. तो गावोगावचा पाद्री असो की लंडनमधला वकील. ठरावाला तिथे 'ग्रेस' म्हणत आणि मत देताना लॅटिनमध्ये 'मान्य' किंवा 'अमान्य' म्हणत. शिवाय ठराव सिनेटपुढे येण्याआधी 'कॅपट' नावाच्या एका छोट्या समितीतून जावा लागे, आणि त्या समितीतल्या कोणाही एकाने नकार दिला तर ठराव तिथेच संपे. कॅपटचा हा नकाराधिकार १८५६ च्या कायद्याने गेला. न्यूटनचा ठिपका काढावा असा ठराव घेऊन पंचविशीतली ही मुले त्या दारात गेली असती, तर काय झाले असते हे सांगायला नको.

पण ती त्या दारात गेलीच नाहीत. कारण गणिताच्या परीक्षेला, म्हणजे ट्रायपॉसला, लेखी अभ्यासक्रमच नव्हता. काय विचारायचे हे दरवर्षी नेमलेले दोन परीक्षक ठरवत. त्यांना 'मॉडरेटर' म्हणत, आणि ते कॉलेजांकडून पाळीपाळीने नेमले जात. १८१७ च्या जानेवारीतल्या परीक्षेसाठी मॉडरेटर म्हणून पीकॉकची नेमणूक झाली, आणि त्याने आपल्या प्रश्नांत सरळ 'डी' वापरला. जोडीदार परीक्षक व्हाइट याने ठिपकाच ठेवला. म्हणजे त्या वर्षी एकाच परीक्षेत दोन चिन्हे होती! विद्यापीठात कुरबूर झाली आणि १८१८ च्या परीक्षकांनी पुन्हा ठिपका आणला. १८१९ मध्ये पीकॉक पुन्हा मॉडरेटर झाला. या वेळी जोडीदार ग्वाटकिन त्याच्याच विचाराचा होता आणि दोघांनीही 'डी' वापरला. १८२० मध्ये मॉडरेटर म्हणून आलेल्या विल्यम ह्यूएलनेही तेच केले. त्यानंतर ठिपका परत आला नाही. खासगी शिकवणी घेणारे 'कोच' परीक्षेवर डोळा ठेवून शिकवत, तेव्हा त्यांना 'डी' शिकवावाच लागला. सिनेटमध्ये एकही ठराव न होता केंब्रिजचे कलन बदलले.

ही गोष्ट सांगताना आपला कल साहजिकच पीकॉककडे झुकतो. पण शिक्षकाच्या नजरेने पाहिले तर मन थोडे अडखळते. ज्यांच्या शिकवणाऱ्यांना ठिपक्यापलीकडे काही ठाऊक नव्हते, अशा मुलांपुढे १८१७ च्या थंडीत तो पेपर आला. त्या परीक्षेतल्या क्रमांकावर फेलोशिप, म्हणजे पुढची उपजीविका, अवलंबून असे. आज एखाद्या परीक्षकाने 'योग्य तेच विचारले' असे म्हणून अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न घातला, तर आपणच पहिल्यांदा तक्रार करू. पीकॉक बरोबर होता याबद्दल आम्हाला शंका नाही. तो न्यायाने वागला का, याबद्दल मात्र आहे.

मग असे प्रश्न एका व्यक्तीच्या मर्जीवर न सोपवता समितीकडे द्यावेत, हे ओघानेच आले. १८४८ मध्ये केंब्रिजमध्ये गणिताचे अभ्यासमंडळ स्थापन झाले. त्यात गणिताचे प्राध्यापक आणि अलीकडच्या वर्षांचे परीक्षक होते. मागे जोर ह्यूएलचा होता. १८२० मध्ये 'डी' आणणारा हा तरुण आता ट्रिनिटी कॉलेजचा मास्टर झाला होता आणि त्याचे मतही बदलले होते. भूमिती आणि न्यूटन हीच बुद्धीला खरी शिस्त लावतात, नवे विश्लेषण फक्त वरच्या थोड्या मुलांसाठी, असे तो १८४५ च्या आपल्या ग्रंथात मांडत होता. वयाबरोबर असे होते, त्यात त्याला वेगळे काढून दोष देण्यात अर्थ नाही.

मंडळाने काम सुरू केले ते कापाकापीने. परीक्षेचा पसारा वाढला आहे, मुलांना खोलवर काहीच येत नाही, ही तक्रार खरी होती. उपाय म्हणून १८४९ मध्ये मंडळाने शिफारस केली की विद्युत, चुंबकत्व आणि उष्णता यांचे गणिती सिद्धान्त परीक्षेत घेऊ नयेत. पुढच्या वर्षी आणखी काही विषय गळाले.

या तारखांशेजारी आता आणखी एक तारीख ठेवून पाहू. १८५४ च्या जानेवारीत जेम्स क्लार्क मॅक्सवेल ट्रायपॉसला बसला आणि दुसरा आला. पहिला आला तो एडवर्ड राउथ. विद्युत आणि चुंबकत्व यांना एका गणितात बांधणारा माणूस ज्या वर्षी परीक्षेला बसला, त्या वर्षी त्या परीक्षेत विद्युत आणि चुंबकत्व हे विषयच नव्हते! फॅरडेच्या बलरेषांवरचा त्याचा पहिला निबंध पुढच्या दोन वर्षांतला आहे. त्याने हे सारे अभ्यासक्रमाबाहेरच शिकून घेतले. ट्रायपॉसनंतर 'स्मिथ पारितोषिका'ची वेगळी परीक्षा असे आणि तिचे पेपर प्राध्यापक स्वतः काढत. १८५४ मध्ये स्टोक्सने तिथे जो प्रश्न घातला, तो आज आपण 'स्टोक्सचा सिद्धान्त' म्हणून शिकवतो. मॅक्सवेल त्या पेपरालाही बसला होता, आणि पारितोषिक त्याला राउथबरोबर विभागून मिळाले.

गंमत पुढेच आहे. १८६६ आणि १८६७ मध्ये मॅक्सवेल परीक्षक म्हणून परतला आणि त्याने उष्णता व विद्युत यांवर प्रश्न विचारले. पीकॉकचाच मार्ग! या वेळी मात्र मंडळ अस्तित्वात होते, त्यामुळे प्रश्नपत्रिकेपाठोपाठ ठरावही आला. १८६८ मध्ये नवे नियम संमत झाले आणि १८७३ पासून हे विषय परीक्षेत रीतसर परतले. मुलांना तयारीला पुरेसा अवधी मिळाला. १८१७ च्या मुलांना तो मिळाला नव्हता.

चिन्ह बदलले, विषय बदलले, पण क्रमवारी बदलायला सर्वांत जास्त वेळ लागला. ट्रायपॉसचा निकाल गुणानुक्रमे लागे. पहिल्या वर्गातल्यांना 'रँग्लर' म्हणत. हा शब्द मुळात वाद घालणाऱ्याचा, कारण पूर्वी परीक्षाच वादविवादाने होई. सर्वांत पहिला तो 'सीनियर रँग्लर'. महाराष्ट्राला हा शब्द नवा नाही. दापोली तालुक्यातील मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले. बर्टविसल नावाच्या विद्यार्थ्याबरोबर हा क्रमांक त्यांना विभागून मिळाला होता. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. पुढे फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य म्हणून त्यांनी दोन दशके काम केले आणि 'रँग्लर' ही उपाधी त्यांच्या नावाला कायमची चिकटली.

नेमक्या त्याच काळात केंब्रिजमध्ये हा क्रमांकच नको, असे म्हणणारे वाढत होते. ए. आर. फोर्साइथ हा स्वतः १८८१ चा सीनियर रँग्लर, पण क्रमवारीच्या विरोधात तोच पुढे होता. तरुणांत १८९८ चा चौथा रँग्लर जी. एच. हार्डी होता. त्यांचे म्हणणे असे की मुले गणित शिकत नाहीत, वेगाने उदाहरणे सोडवण्याची तालीम घेतात. कोचच्या हाताखाली तीन वर्षे घोटून घेतलेल्या युक्त्यांनी क्रमांक मिळतो, गणितज्ञ घडत नाही. विरुद्ध बाजूला राउथ होता, मॅक्सवेलच्या वर्षी पहिला आलेला. कोच म्हणून त्याने पंचवीसहून अधिक सीनियर रँग्लर घडवले होते.

अडचण सिनेटची होती. विद्यापीठात शिकवणाऱ्यांपेक्षा बाहेरगावी राहणारे सभासद कितीतरी अधिक, आणि वादाचा विषय असला की ते मत द्यायला आगगाडीने येत. १८९७ मध्ये स्त्रियांना पदव्या देण्याचा ठराव आला, तेव्हा लंडनहून खास गाड्या सोडल्या गेल्या. ठराव ६६१ विरुद्ध १७०७ मतांनी फेटाळला गेला. त्या आधी, १८९० मध्ये, फिलिपा फॉसेट हिने ट्रायपॉसमध्ये सीनियर रँग्लरपेक्षा अधिक गुण मिळवले होते, याचा मतदारांवर काही परिणाम झालेला दिसत नाही. स्त्रियांना केंब्रिजच्या पूर्ण पदव्या मिळायला १९४८ साल उजाडले. प्रवेशासाठीचे सक्तीचे ग्रीक काढण्याचे ठरावही असेच १९०५ आणि १९०६ मध्ये पडले. ते ग्रीक १९१९ मध्ये गेले.

या पार्श्वभूमीवर १९०७ मध्ये गणिताचा ठराव मंजूर झाला, हे आश्चर्यच. जोराच्या लढतीनंतर सिनेटने क्रमवारी बंद करण्याला कौल दिला. आधीच तयारीत असलेल्या मुलांवर अन्याय नको म्हणून बदल लगेच लागू झाला नाही. गुणानुक्रमाची शेवटची यादी १९०९ मध्ये लागली. तिच्यात पहिला आलेला पर्सी जॉन डॅनियल पुढे खरोखरच चांगला गणितज्ञ झाला. संकलनाच्या एका पद्धतीला त्याचे नाव आहे. हार्डीचे मात्र एवढ्याने समाधान झाले नाही. १९२६ मध्ये गणितशिक्षकांच्या संघटनेचा अध्यक्ष म्हणून बोलताना ट्रायपॉस सुधारू नये, ती बंदच करावी, असे त्याने सांगितले. त्याच वर्षी नव्या नियमांनी बाहेरगावच्या सभासदांचा रोजच्या कारभारातला मताधिकार गेला. तो विद्यापीठात काम करणाऱ्यांच्या 'रीजंट हाउस'कडे आला आणि प्रत्येक विद्याशाखेला आपले मंडळ मिळाले. आपल्याकडे अभ्यासमंडळ, विद्यापरिषद, अधिसभा अशी जी उतरंड महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात आहे, तिच्यातही हाच प्रश्न दडलेला आहे: शिकवणाऱ्याचे किती ऐकायचे आणि बाहेरच्याचे किती?

हार्डीचे म्हणणे कोणी मानले नाही. ट्रायपॉस चालूच राहिली. पहिल्या वर्गातल्या मुलांना आजही रँग्लर म्हणतात. क्रमांक गेल्यानंतरही आपल्याकडे ग. स. महाजनी 'रँग्लर' म्हणूनच ओळखले गेले, तेही फर्ग्युसनचेच प्राचार्य. सिनेट हाउसमध्ये नावे वाचली जातात ती वर्गवार आणि वर्णानुक्रमे, त्यामुळे पहिला कोण हे अधिकृतपणे कुणालाच कळत नाही. फक्त त्या मुलाचे किंवा मुलीचे नाव आले की वाचणारा परीक्षक आपली टोपी किंचित उचलतो.