पाठ टेकली तरी न हरणारा

"आजी, याच्याकडे किती पैसे असतील गं?" परवा नातवाने मोबाईल माझ्यापुढे धरला. पडद्यावर पांढरा जाड सदरा-पायजमा घातलेला एक शिडशिडीत तरुण आडदांड माणसाच्या पाठीला जळूसारखा चिकटला होता. नाव रॉयस ग्रेसी, देश ब्राझील. तिकडे उच्चार म्हणे 'होयस' असा करतात.

मला मारामारी बघवत नाही. पण उभा जन्म इतिहास शिकवण्यात गेला. प्रश्न आला की सनावळी शोधायची खोड काही जात नाही. खेळाडूंच्या संपत्तीचे आकडे इंटरनेटवर ढिगाने आहेत. कोणी मोजले, कशावरून मोजले, याचा पत्ता नाही. असा आकडा पेपरात कोणी लिहिला असता तर मी गुण दिले नसते. तेव्हा ठरवले, ज्याला सन आहे आणि आधार आहे तेवढेच धरायचे.

गोष्ट सुरू होते जपानमध्ये. जिगोरो कानो यांचा शिष्य मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोचला आणि पुढे बेलेम शहरात राहिला. त्याच्याकडून कार्लोस ग्रेसी ही विद्या शिकला. धाकटा भाऊ हेलिओ (१९१३-२००९) अंगाने किरकोळ. ताकद नाही, तर तरफेचा नियम वापरू, असे म्हणत त्याने डावपेच बदलले. आपल्या कुस्तीत पाठ टेकली की चितपट, खेळ संपला. यांच्या जिउ-जित्सूत पाठ टेकल्यावरच खरी लढत सुरू होते!

१९५१ साली रिओच्या माराकाना स्टेडियमवर हेलिओची गाठ जपानच्या किमुराशी पडली. किमुराने हात असा पिळला की तो मोडला. हेलिओ हार मानेना. शेवटी भावाने टॉवेल टाकला. गंमत बघा, ज्या डावाने हात मोडला त्याला 'किमुरा' हे नाव मिळाले. हरवणाऱ्याचे नाव आपल्याच अभ्यासक्रमात मानाने ठेवायचे, हे मला शिक्षिका म्हणून फार भावले.

हेलिओचा थोरला मुलगा रोरिअन अमेरिकेत गेला आणि गॅरेजमध्ये चटया टाकून शिकवू लागला. पुढे आर्ट डेव्ही या जाहिरातवाल्याला जोडीला घेऊन त्याने 'यूएफसी' ही स्पर्धा काढण्यात पुढाकार घेतला. १२ नोव्हेंबर १९९३, डेन्व्हर. मुष्टियोद्धा, सुमो, कराटेवाला असे आठ जण. घरचा तगडा भाऊ रिक्सन होता. पण पाठवले कोणाला, तर ८० किलोंच्या रॉयसला. बारीक माणूस जिंकला तरच विद्या सिद्ध होणार ना! एका रात्रीत तिघांना नमवून त्याने ५० हजार डॉलरचे बक्षीस घेतले. पुढच्या वर्षी आणखी दोन स्पर्धा जिंकल्या. डिसेंबर १९९४ च्या अंतिम फेरीत शंभर किलोंच्या पुढचा डॅन सेव्हर्न पाव तास त्याच्या छाताडावर होता. रॉयस खाली पडूनच वाट पाहत राहिला आणि अखेर पायांच्या त्रिकोणात त्याचा गळा आवळला.

आता पैशाकडे येऊ. रोरिअनने आपला हिस्सा १९९५ मध्ये विकला. नंतर राजकारण्यांनी या खेळाला कोंबड्यांच्या झुंजीची उपमा दिली, बंदी आली, धंदा बसला. २००१ मध्ये सगळी स्पर्धा २० लाख डॉलरना विकली गेली. नियम आले, टीव्ही आला, आणि २०१६ मध्ये तीच सुमारे ४०० कोटी डॉलरना विकली गेली. ज्या कुटुंबाने मांडव घातला, त्यांचा त्यात वाटा नव्हता. मोबदला कमी दिला म्हणून इतर लढवय्ये कोर्टात गेले. २०१० ते २०१७ या काळात लढलेल्यांसाठी ३७.५ कोटी डॉलरची तडजोड २०२५ मध्ये मंजूर झाली. रॉयस मात्र त्याच्या आधीचा.

तो अगदीच रिकामा राहिला असे नाही. २००६ मध्ये एकोणचाळिसाव्या वर्षी मॅट ह्यूजकडून पहिल्याच फेरीत हरला, आणि त्या हरण्याचे ४ लाख डॉलर मिळाले. पहिल्या विजयाच्या आठपट! २००७ मध्ये चाचणीत स्टेरॉईड सापडले म्हणून दंड आणि निलंबनही झाले. त्याने आरोप नाकारला, पण डाग तो डागच. इतिहासात आवडत्या माणसाचीही ती ओळ खोडता येत नाही.

मी नातवाला म्हटले, "बाळा, एकूण आकडा मला सांगता येणार नाही. पण आज या खेळात उतरणारा प्रत्येक जण याच्या घरचे डाव शिकूनच उतरतो."

"म्हणजे फुकटच की गं, आजी!" तो म्हणाला.

मी गप्प झाले. आमच्या पिढीतल्या मास्तरांनाही हेच ऐकावे लागे. शिकवलेल्याचा हिस्सा विकताही येत नाही आणि मागताही येत नाही. पण माझा एखादा जुना विद्यार्थी बाजारात भेटून सनावळी म्हणून दाखवतो, तेव्हा मला काय वाटते ते त्याला कसे समजावू? तुम्हाला उत्तर सुचले तर जरूर कळवा. नातू अजून वाट पाहतो आहे.