बाईच्या तोंडून ‘ब्र’ निघेपर्यंत



इतिहास म्हटलं की आपल्याला राजे, लढाया आणि पाठ करायच्या सनावळ्या आठवतात. पण आपल्या पणजीचं जगणं कसं होतं, नवरा गेल्यावर तिला घरात कुठं बसवलं जायचं, तिला वाचता यायचं का, हे कुठल्या सनावळीत सापडणार? सातबाऱ्यावर तिचं नाव नव्हतं. पंचांच्या बैठकीत तिला जागा नव्हती. मग ती शोधायची कुठं? मला ती कादंबऱ्यांमध्ये सापडली. या वर्षी सुगी आटोपल्यावर मी सहा मराठी कादंबऱ्या वाचल्या, आणि मुद्दाम त्या ज्या क्रमानं लिहिल्या गेल्या त्याच क्रमानं वाचल्या. पहिली १८५७ ची, शेवटची २००५ ची. आज त्यांच्याविषयी बोलते. नावाजलेली पुस्तकं म्हणून नुसतं कौतुक करणार नाही. आवडलं ते आवडलं म्हणेन, खटकलं ते खटकलं म्हणेन. कारण कादंबरी ही एक साक्ष असते, आणि साक्षीदार कुठं उभा राहून बघतोय हे आपण आधी पाहायला हवं.

पहिली कादंबरी बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात. ती आली १८५७ मध्ये. त्याच्या आदल्याच वर्षी, १८५६ मध्ये, विधवेच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा झाला होता. कायदा झाला, पण घराघरात काय चाललं होतं? या गोष्टीतली यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते. गावोगाव तिला विधवा भेटतात आणि आपापलं दुःख सांगतात. पुढं यमुनेवरच तो प्रसंग येतो.

आता माझं मत. कादंबरी म्हणून हे पुस्तक कच्चं आहे. माणसं येतात, रडतात, आणि मग लेखक उपदेशाला बसतो. लेखक त्या काळी नुकतेच ख्रिस्ती झालेले होते, त्यामुळं त्यांच्या धर्माची शिकवणही त्यात भरपूर आहे. ती पानं मी भरभर उलटली. पण एक गोष्ट मानावीच लागेल. मराठी कादंबरीनं पहिलं पाऊल टाकलं ते राजवाड्याकडं नाही, तर अंधाऱ्या खोलीत बसवलेल्या बाईकडं. आपल्या भाषेला हे भूषण आहे.

दुसरी हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’. आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ नावाचं साप्ताहिक सुरू केलं आणि त्यात ही गोष्ट क्रमशः छापली. १८९३ मध्ये पुस्तक झालं. इथं यमू स्वतःच बोलते. लहानपणीचे खेळ, मैत्रीण दुर्गी, सासर, मग मुंबईत नवऱ्याच्या सोबतीत वाचायला-लिहायला मिळालेले सुखाचे दिवस, आणि मग वैधव्य. सासरच्या शंकरमामंजींच्या कारस्थानानं तिच्या इच्छेविरुद्ध तिचं केशवपन होतं. तो भाग वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं आणि दोन दिवस उघडलं नाही.

खटकलं काय? लांबण फार आहे. दर आठवड्याला पान भरायचं, म्हणून गोष्ट ताणलेली जाणवते. पण बाईचं मन एका पुरुषानं इतकं ओळखावं, याचं नवल वाटत राहतं. हे लिहिलं जात होतं तेव्हा बाहेर काय घडत होतं तेही सांगते. १८९० मध्ये मुंबईच्या नाभिक मंडळींनी सभा भरवून ठरवलं की आम्ही विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही. त्यामागं नारायण मेघाजी लोखंडे यांच्यासारखे सत्यशोधक कार्यकर्ते होते. म्हणजे एकीकडं लेखणी चालली होती आणि दुसरीकडं हातावर पोट असणारी माणसं आपल्या कमाईवर पाणी सोडून वस्तरा खाली ठेवत होती. लेखणीची आठवण सगळे काढतात. वस्तरा खाली ठेवणाऱ्यांची फारशी कोणी काढत नाही.

आणखी एक. या दोन्ही पुस्तकांत जी बाई आहे ती बहुतेक पांढरपेशा घरातली. केशवपनाची रीत मुख्यतः ब्राह्मण आणि तशाच काही उच्च जातींत होती. कुणबी, माळी, धनगर अशा कितीतरी जातींत विधवेचा पाट लावत, काही भागांत त्याला मोहतूर म्हणत. पण तिथंही सगळं गोड नव्हतं. पाट लागायचा तो रात्री, गाजावाजा न करता, आणि पाटाच्या बाईला लग्नाच्या बाईइतका मान नसायचा. पुढं काही घराण्यांना वाटलं की आपण मोठे झालो, तेव्हा त्यांनी पाट बंद केले आणि वरच्यांची रीत उचलली. म्हणजे मोठेपणा पुरुषांच्या पागोट्याला, आणि त्याची किंमत घरातल्या सुनेनं भरायची. ही गोष्ट या दोन पुस्तकांत नाही. ती आपल्याच घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहून ठेवायला हवी.

तिसरी लेखिका काशीबाई कानिटकर. जन्म १८६१ चा. नवव्या वर्षी लग्न झालं तेव्हा अक्षरओळख नव्हती. सासरी आल्यावर शिकल्या, घरच्यांचे टोमणे सोसत शिकल्या. पुढं डॉ. आनंदीबाई जोशी यांचं चरित्र त्यांनीच लिहिलं. १९२८ ची त्यांची ‘पालखीचा गोंडा’ मी वाचली. राजघराण्यात लग्न होऊन गेलेली बाई संस्थानाचा कारभार हाती घेते आणि बायकांना शिकवून जबाबदारीच्या जागांवर बसवते, असं ते एक स्वप्न आहे. खरं सांगू? फार गुळगुळीत वाटलं. सगळं सहज जुळून येतं, अडवणारे कुठं नीट दिसतच नाहीत. राणीच्या हाती सत्ता आली म्हणून ती देणार, बाकीच्या बायका घेणार. पण जिला चोरून वाचावं लागलं, तिनं अख्खं राज्य बायकांच्या हाती देऊन पाहिलं, हे धाडस लहान नाही. हे स्वप्न लक्षात ठेवा. शेवटच्या पुस्तकाशी त्याची गाठ पडणार आहे.

चौथी ‘बळी’, विभावरी शिरूरकर यांची, १९५० ची. हे टोपणनाव. १९३३ मध्ये या नावानं ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला. शिकलेल्या, बिनलग्नाच्या मुलींची घुसमट त्यात होती. त्यावर एवढं वादळ उठलं की लिहिणारी नक्की कोण, याचाच शोध सुरू झाला. त्या होत्या बाळूताई खरे, लग्नानंतरच्या मालतीबाई बेडेकर. पुढं त्यांनी सोलापूरच्या ‘सेटलमेंट’मध्ये नोकरी केली. इंग्रज सरकारनं १८७१ मध्ये कायदा करून काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं होतं. त्यांना तारेच्या कुंपणाआड ठेवत, हजेरी घेत. आईच्या पोटातून मूल आलं की सरकारदरबारी गुन्हेगारांच्या घरचं म्हणून त्याच्यावर शिक्का. ‘बळी’ ही त्या कुंपणाआडच्या माणसांची कादंबरी आहे. तो कायदा रद्द झाला १९५२ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्यानंतरही पाच वर्षांनी.

हे पुस्तक वाचताना रडू येत नाही, राग येतो. लेखिका पाल्हाळ लावत नाही. तरी मला एक उणीव जाणवली. ती कुंपणाच्या आत जाते, पण दिवस संपला की बाहेर पडू शकते. आतल्या बाईनं लिहिलं असतं तर आणखी काहीतरी आलं असतं, असं राहून राहून वाटतं. पण आपण कधी न पाहिलेलं कुंपण तिनं दाखवलं, आणि आजही गावाबाहेर पाल ठोकून राहणाऱ्या बायांकडं आपण कोणत्या नजरेनं पाहतो, हा प्रश्न आपल्यापुढं ठेवला.

पाचवी उद्धव शेळके यांची ‘धग’, १९६० ची. सहांमधली माझी सगळ्यात लाडकी. विदर्भातलं खेडं, बोली वऱ्हाडी, घर शिंप्याचं. कौतिक ही त्या घरची सून. नवरा महादेव, कामाचा कंटाळा असलेला. आपलं स्वतंत्र बिऱ्हाड थाटावं, पोरांना शिकवावं, एवढीच तिची आस. त्यासाठी ती राबते. पुढं नवऱ्याला महारोग होतो. संकट एक गेलं की दुसरं दारात उभं. लेखक शेवटी कुणी देवमाणूस पाठवून सगळं नीट करून देत नाही.

आमच्या गटात हे पुस्तक मोठ्यानं वाचलं तेव्हा कुणी म्हणालं, “एवढं दुःख वाचायचं कशाला, घरात कमी आहे का?” प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की कौतिक रडूबाई नाही. ती हिशेब करते, ठरवते, गाव बदलते, पुन्हा मांडणी करते. ती हरते ती अंगात धमक नाही म्हणून नाही. अडीनडीला हात देणारं तिच्याभोवती काही नाही म्हणून हरते. औषधपाण्याला पैसा नाही, उसनं मागायचं तर भावाकडं, तिथंही वहिनीचं तोंड बघायचं. मी वाचताना सारखी म्हणत होते, हिच्या गावात दहा बायांचा बचत गट असता तर? ज्या पुस्तकातून असा प्रश्न निघतो ते पुस्तक दुःखाचं असलं तरी उपयोगाचं असतं.

सहावी कविता महाजन यांची ‘ब्र’, २००५ ची. आपल्याकडं म्हणतात ना, बाईनं ब्र काढायचा नाही. तोच हा ‘ब्र’. संसार मोडून बाहेर पडलेली प्रफुल्ला एका संस्थेत काम करते आणि आदिवासी भागातल्या महिला सरपंचांना भेटत फिरते. १९९२ च्या घटनादुरुस्तीनं पंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा राखीव झाल्या, १९९३ पासून ती लागू झाली. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा आल्या. कागदावर काशीबाईंचं स्वप्न खरं झालं. पण खुर्चीत बसलेल्या बाईच्या वाट्याला काय येतं, ते ‘ब्र’ सांगते. कोऱ्या कागदावर अंगठा, कारभार नवऱ्याच्या नाहीतर ग्रामसेवकाच्या हाती, आणि बाई बोलू लागली की अविश्वास ठराव. ‘पालखीचा गोंडा’त जे अडवणारे दिसत नव्हते, ते सगळे इथं हजर आहेत.

खटकलं ते असं की पुस्तक पसरट आहे. माहिती इतकी येते की मध्येच अहवाल वाचतोय असं वाटतं. संस्थांमधली भांडणंही जरा जास्त झाली. पण या पुस्तकातल्या बाया मला ओळखीच्या वाटल्या. त्या चुकतात, घाबरतात, मग एखाद्या सभेत उठून बोलतात. देवी नाहीत आणि बिचाऱ्याही नाहीत. निवडून आलेल्या प्रत्येक सदस्य बाईनं हे वाचावं.

तर मैत्रिणींनो, या सहा पुस्तकांना एका दोऱ्यात ओवलं की काय दिसतं? आधी बाईविषयी पुरुष बोलतो. मग तिच्या आवाजात बोलतो. मग बाई स्वतः लिहिते, पण लोकांच्या भीतीनं दुसरं नाव घेऊन. आणि मग एक बाई स्वतःच्या नावानं दुसऱ्या बायांचं बोलणं मांडते. एवढ्याला जवळजवळ दीडशे वर्षं लागली.

आणि यमूची गोष्ट संपली का? वस्तरा गेला, पण कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं राहिलं. ४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. १८५६ च्या कायद्याचं काय झालं ते आपण पाहिलं. कागद पुढं जातो, उंबरठा मागं राहतो. संक्रांतीच्या वाणाला आपल्या गटातली, दर महिन्याला आपल्याबरोबर बचत भरणारी विधवा मैत्रीण आजही मागच्या ओळीत, भिंतीला टेकून बसते. तिला कोणी मागं बसवत नाही, ती आपण होऊन बसते, असं आपण म्हणतो. यमूही आपण होऊन गप्प बसली असंच तिच्या घरचे म्हणाले असते.

म्हणून दोन गोष्टी सुचवते. पुढच्या बैठकीपासून बचतीचा हिशेब झाल्यावर अर्धा तास वाचन ठेवा. जिला वाचता येतं तिनं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं आणि न पटलं तर तसं सांगावं. सुरुवात ‘धग’पासून करा, बोली कळायला लागली की ती सोडवत नाही. आणि दुसरी गोष्ट, येत्या संक्रांतीच्या आधी गटाच्या वहीत ठराव लिहा, की पहिलं वाण आणि पहिलं कुंकू आपल्या विधवा मैत्रिणीला. तिला हवं असेल तर ती घेईल, नको असेल तर नको म्हणेल. पण विचारायचं पहिलं तिला. सह्या सगळ्यांच्या घ्या, अंगठे असतील तर अंगठे.