कोपरा कच्चा हाये गा!

दिवाळी झाली की आमच्या भंडारा जिल्ह्यात गावोगाव मंडई भरते. दंडार, रात्रभर नाटक, आणि बऱ्याच ठिकाणी कबड्डीचे सामने. शाळेत असताना अशाच एका सामन्यात मी डावा कोपरा खेळलो. आमचा भरवसा एका चढाईपटूवर. तो पहिल्या पाच मिनिटांत पकडला गेला आणि रेषेबाहेर बसला तो बसलाच. त्याला जिवंत करायला आमच्याकडून एकही पकड होईना! मागून कोणीतरी ओरडलं, "कोपरा कच्चा हाये गा!" कोपरा म्हणजे मी.

मंडळी, ही गोची कबड्डीच्या नियमांतच आहे. जुन्या काळी संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन प्रकार होते. अमरमध्ये गडी बाद होऊनही खेळत राहायचा, नुसता गुण मोजायचे. गामिनीत बाद झालेला गडी अख्खा संघ बाद होईपर्यंत बाहेर. संजीवनीत मात्र समोरचा एक बाद झाला की आपला एक जिवंत. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनला प्रात्यक्षिक दाखवलं आणि १९९० साली बीजिंग एशियाडमध्ये पदकं दिली गेली, त्या कबड्डीने पुढे संजीवनीचीच वाट धरली. म्हणजे पकडीचा गुण जरी एकच, तरी त्यात समोरचा चढाईपटू बाहेर जातो आणि आपला आत येतो. बचावातूनच पुढची चढाई मिळते. आणि एकच हुकमी चढाईपटू असणं म्हणजे, आमच्या धंद्याच्या भाषेत, सिंगल पॉईंट ऑफ फेल्युअर.

आता कोणी म्हणेल, परदीप नरवालचं काय? बरोबर आहे. पाटणा पायरेट्सने २०१६ मध्ये दोनदा आणि २०१७ मध्ये प्रो कबड्डी जिंकली. २०१७ ला त्याचे चढाईचे गुण होते ३६९. पण २०१९ ला त्याने पुन्हा तीनशेचा आकडा ओलांडला आणि पाटणा प्लेऑफमध्येसुद्धा पोचली नाही. मला तर २०१७ पेक्षा २०१९ जास्त शिकवून जातं.

मग पुणेरी पलटण. दहाव्या हंगामासाठी त्यांनी मोठी रक्कम, २.३५ कोटी, ओतली ती इराणच्या मोहम्मदरझा शादलूवर, म्हणजे मुख्यतः बचावपटूवर. चढाई कर्णधार अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते यांच्यात वाटलेली. एक बाहेर गेला तर दुसरा तयार. १ मार्च २०२४ ला हैदराबादला पलटणने हरयाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवलं. स्कोअर बघा, अडतीस-पंचेचाळीसवाला नाही!

हरयाणाने धडा घेतला तो असा की पुढच्या हंगामात शादलूलाच उचललं, २.०७ कोटींना. २९ डिसेंबर २०२४, बालेवाडी. समोर पाटणा, हंगामात ३०१ चढाई-गुण केलेल्या देवांकसह. निकाल ३२-२३, हरयाणा.

यावरून "बचावच जिंकवतो" असं म्हणायचा मोह होतो खरा. पण २०२५ ला गुजरातने त्याच शादलूला २.२३ कोटी मोजले आणि पहिल्या आठातही जागा मिळवली नाही. कोपरा पक्का झाला, पण त्याने जिवंत करून आत आणलेल्या गड्याला चढाई तर करता आली पाहिजे ना.